बसूच्या पोटातला तपकिरी रंग

बसू गेल्याचा फोन आला, तेव्हा मी सूक्ष्मदर्शकाखाली दुसऱ्याच कुणाच्या तरी जठराचा तुकडा बघत होतो. फोन ठेवून पुन्हा डोळा लावला... काही दिसेना.

बसवराज माझा शाळेपासूनचा मित्र. जयसिंगपुरात त्याचं बियाण्यांचं दुकान, कोल्हापुरात माझी पॅथॉलॉजीची लॅब. नव्वदचं दशक सरता सरता त्याच्या जठरात कॅन्सर निघाला. ऑपरेशन झालं, गाठ पूर्ण निघाली. तिचा तुकडा मी मुंबईला एका नव्या तपासणीसाठी पाठवला. पेशींची राखण करणारं एक प्रथिन असतं, पी-५३. ते बिघडलं की पेशीतच साचत जातं आणि खास रंग दिला की तपकिरी दिसतं. तपासणी होऊन अहवाल आणि तुकडा परत आले. जिकडंतिकडं तपकिरी ठिपके.

"स्पष्ट सांग की लेका," बसू म्हणाला. मी सांगितलं, असं दिसलं तर आजार बहुतेकदा लवकर उलटतो. पण एकट्या माणसाचं त्यावरून सांगता येत नाही. तो मोठ्यानं हसला. "आमच्या पिशवीवरबी उगवणीचा आकडा छापल्याला असतोय. त्यातलं कुठलं बी कुजणार, हे कुठं लिहिल्यालं असतंय?"

मला वाटलं, यानं पचवलं. पण पुढं दर तपासणीला तो हळूच विचारायचा, "त्ये तपकिरी अजून हाय काय रं आत?" वर्षं गेली, आजार परतला नाही. बसू मात्र त्याची वाट बघत राहिला. दुकानात नवा माल भरेना. मुलीचं लग्न घाईनं उरकलं. जेवताना मध्येच पोटावर हात ठेवून, आतलं काही ऐकत असल्यासारखा थांबायचा. शेवटी आजार खरंच उलटला. त्या दिवशी मी त्याचा चेहरा पाहिला... सुटल्यासारखा दिसत होता.

गेल्या आठवड्यात वहिनी लॅबमध्ये आल्या. बसल्याच नाहीत. "भावजी, ह्यांचं काय तुमच्याकडं राहिलंय काय? आमच्यात माणूस अख्खा मातीत ठेवत्यात. तेवढंच बाहीर राहिलंय, असं सारखं वाटतंय."

असा तुकडा आम्ही मेणाच्या ठोकळ्यात जपून ठेवतो; तपासायला त्याचा पातळ पापुद्रा कापून काचेवर घेतात. बसूचा ठोकळा रुमालात बांधून मी त्यांच्याबरोबर जयसिंगपूरला गेलो. वहिनींनी समाधीची माती हातांनी उकरली, ठोकळा आत ठेवला, माती सारखी केली.

"आता काय बाहीर न्हाय न्हवं?"

मुंबईच्या कुठल्यातरी कपाटात, काचेवर एखादा पापुद्रा असेलही...

"न्हाय वहिनी," मी म्हणालो. "सगळं आलं."