सोमवारचा मुकुंदा, गुरुवारचा डॉक्टर

चांद्यातली माणसं तोंड बघून ओळखायची, सारजाबाई हाक ऐकून. तिचं माहेर वर डोंगरात. तिथं दोन घरांच्या मधे एक ओढा, थोडं रान आणि अर्ध्या तासाची पायपीट. माणूस दिसायच्या आधी त्याची हाक पोचते, आणि हाकेवरनं तो कोण, जेवलाय की उपाशी, भांडून आलाय की लग्नाचं आवतण घेऊन, सगळं कळतं. "तोंडाला रंग फासता येतुया, हाकंला न्हाई," असं ती म्हणायची आणि लोक हसायचे. तीस वर्षं चांद्यात काढली, नवऱ्याची माती झाली, तरी गावाच्या लेखी ती 'डोंगरातली'च. मूल ना बाळ, दारात एक म्हैस. आडावर बायकांचा घोळका बसायचा. ही आली की बायका तिची घागर आधी भरून द्यायच्या. मान म्हणून नव्हे हो, लवकर जावी म्हणून.

मग चावडीत रेडिओ आला. त्याची किल्ली वाल्मीक गुरुजींकडं. गुरुजींच्या टोपीला एखाद्यानं हात लावला असता, पण रेडिओला बोट लावायची कुणाची टाप नव्हती. सोमवारी आणि गुरुवारी दुपारी बायकांसाठी गोष्ट लागायची, दर खेपेला जराशी पुढं सरकणारी. भर दुपारी बायका रानात. रिकामी एकटी सारजाबाई, कारण तिची म्हैस चावडीमागंच चरायची. ती ऐकायची आणि तिन्हीसांजेला आडावर सांगायची. सांगायची म्हणजे काय विचारता! रेडिओवर पंधरा मिनिटांत आटपलेलं आडावर तासभर चालायचं. आता बायका तिच्यासाठी पायरी झाडून ठेवू लागल्या. रंभाबाई म्हणजे आडावरची मुकादमच, पण तीसुद्धा विचारायची, "सारजाबाय, म्होरं काय झालं?" तीस वर्षांत पहिल्यांदा कुणीतरी तिची वाट बघत होतं. त्या सुखानं ती दुपारची भाकरसुद्धा विसरायची.

सोमवारच्या गोष्टीत मुकुंदा नावाचा रांगडा गडी होता. बायकोला, शेवंताला, गावी टाकून शहरात गेला तो गेलाच; ना पत्र ना निरोप. गुरुवारच्या गोष्टीत एक डॉक्टर. बोलणं तुपातलं, वागणं देवमाणसाचं, आणि नलिनी नावाच्या नर्सवर त्याचा जीव. एका गुरुवारी नलिनी रुसून निघाली, तसा डॉक्टर कळवळून ओरडला, "नलिनी, थांब!"

सारजाबाई ताडकन उठली. "अगं बया! ह्यो तर मुकुंदा!"

त्या सांजेला आडावर हलकल्लोळ. "सोमवारी शेवंताचा दादला, गुरुवारी नलिनीचा डागदर! आन् मधलं दोन दीस मेला येष्टीत बसून आसनार!" बायकांनी तोंडाला पदर लावले. तिथून दोन्ही गोष्टींचा एकच पीळ झाला. शेवंता सोमवारी रडली की गुरुवारी डॉक्टरला ठसका लागायचा. नलिनीला तर सारजाबाईनं शेजारच्या सूस गावच्या वाटेनं चालत शेवंताच्या दारी नेलं, आणि त्या दोघी गळ्यात गळा घालून अशा रडल्या की ऐकणाऱ्या बायकांच्या घागरी भरायच्या राहिल्या. हे रेडिओवर झालंच नव्हतं. पण रेडिओला तरी एवढं कुठलं सुचायला!

गुरुजींच्या कानावर गेलं. शुद्धलेखनात काना चुकला तरी ज्यांना ताप चढायचा, त्यांना हे कसं सोसवावं? आडावर येऊन त्यांनी सगळ्यांदेखत सुनावलं, "दोन गोष्टी वेगळ्या, माणसं वेगळी, आवाजही वेगळे. ही बाई तुम्हाला बनवतेय. अडाणीपणाला काही सीमा?"

"हाक येकच हाय, गुर्जी."

"हाक! हे काय डोंगरातलं रान आहे?"

एक हसली, तशा सगळ्या हसल्या. रंभाबाई म्हणाली, "आमालाबी बाई येड्यात काडलंस." दुसऱ्या दिवसापासून पायरी कुणी झाडली नाही. घागर मात्र पुन्हा आधी भरून मिळू लागली. सारजाबाई घरी येऊन म्हशीच्या पाठीवर हात ठेवून रडली. गोष्ट गेल्याचं दुःख नव्हतं. आपलं माणूस म्हणून बसायला मिळालेली हातभर जागा गेली होती.

पुढं महिन्याभरानं पुण्याहून रेडिओवाले आले, गावाला काय आवडतं ते विचारायला. चावडीपुढं सतरंजी, गुरुजींचा नवा कोट, बायका मागं उभ्या. सारजाबाई त्यांच्याही मागं. पाहुण्यांमधला एक किडकिडीत, चष्मेवाला गृहस्थ चहाचा कप हातात घेऊनच उठला. "नमस्कार मंडळी," एवढंच म्हणाला असेल नसेल.

"मुकुंदा!"

सगळ्यांच्या माना वळल्या. सारजाबाई बायकांना ढकलत पुढं आली. "शेवंता दारात बसून वाळून गेली, आन् तू हितं च्या पितुयास व्हय रं? त्या नलिनीला तरी सांगितलंस का, घरी बायकू हाय म्हनून?"

गुरुजींना दरदरून घाम फुटला. "साहेब, माफ करा, ती जरा..."

पण पाहुण्याचा कप हातातच राहिला होता. "बाई, तुम्हाला कसं कळलं?" तो हळूच म्हणाला. "मुकुंदा मीच, डॉक्टरही मीच. दोघांचे आवाज वेगळे काढतो. पुण्यात माझ्या सख्ख्या भावाला अजून पत्ता नाही."

गुरुजी सतरंजीची किनार नीट करू लागले.

"त्ये असू दे," सारजाबाई म्हणाली. तिला शाबासकी नकोच होती. "शेवंताकडं कवा जानार, त्ये बोल."

"बाई, लिहिणारा दुसरा आहे. मी नुसता बोलणारा."

"मंग बोलनारा तूच न्हवं? बोल की!"

मंडळी पोट धरधरून हसली. पाहुणा मात्र हसला नाही. जाताना त्यानं वाकून तिला नमस्कार केला आणि गाडीत बसला.

पुढच्या गुरुवारी रानं ओस पडली आणि चावडी भरली. त्या दिवशी डॉक्टरचा साखरपुडा. नलिनी लाजली, सनई वाजली. मग डॉक्टर बोलायचा थांबला. थांबला तो इतका, की गुरुजी उठून बटण पिळायला लागले. आणि तेवढ्यात आवाज आला, तुपातला नव्हे, रांगडा, थेट सोमवारचा.

"नलिनी, मला सोमवारी गावाकडं जायाचं हाय. शेवंता वाट बघतीया."

लगेच गाणं लागलं, अर्ध्यातनंच. तिकडं त्या बिचाऱ्याला काय काय ऐकून घ्यावं लागलं असेल, देव जाणे. चावडीत कुणी हललं नाही. सारजाबाई कोपऱ्यात बसली होती, डोळ्यांना पदर लावून.

रंभाबाई सरकत सरकत तिच्याजवळ आली. "सारजाबाय," ती खाली बघत म्हणाली, "सांजच्याला आडावर या. पायरी झाडून ठिवते."

सारजाबाईनं नाक पुसलं.

"येते की. पन येवडं तीस वरीस मला दाराभाईर ठिवलंत," ती म्हणाली, "आता मुकुंदाला शेवंता दार उगडती का न्हाई, त्ये म्या ठरीवनार."