डिझेलचा पाढा

आमचे हे, बुधाजी, तीस वर्षं वडाळ्याला तेलाच्या डेपोत होते. टँकरमध्ये काठी बुडवायची, डिझेल किती लिटर ते वाचायचं आणि त्याचे किलो तोंडानेच सांगायचे. साहेब लोक कॅल्क्युलेटर दाबेपर्यंत यांचं उत्तर तयार. त्याचा यांना कोण तोरा!

इतरांची पोरं बे एके बे म्हणायची, यांनी पोरीला डिझेलचा पाढा शिकवला. प्रिती तेव्हा तिसरीत. जेवायला बसलं की सुरू. "दोनशे लिटर?" "एकशे सहासष्ट किलो!" "तीनशे?" "दोनशे एकोणपन्नास!" मी म्हणायचे, अहो, पोरीला घास तरी गिळू द्या. तर म्हणायचे, "कौसल्या, तू गप. एकदा डोक्यात बसलं की जन्मात जात नाही." मग मी भाकरी वाढायचे आणि गप बसायचे.

पुढे प्रितीने पायलट व्हायचं डोक्यात घेतलं. परळच्या आमच्या चाळीत लोक तोंडावर हसले. हसेनात का! एका ट्रस्टने विमान शिकायचा सगळा खर्च उचलायचं कबूल केलं. अट एकच, मार्चच्या आत सगळे लेखी पेपर सुटले पाहिजेत. बाकीचे सुटले, नेव्हिगेशनचा दोनदा गेला. ही शेवटची खेप होती, आणि तिच्या जागेसाठी यादीत दुसरा मुलगा टपून बसलेला.

त्या पेपरात इंधनाचं वजन काढावं लागतं. भरतात लिटरने, पण विमानाला किती किलो झेपणार ते आधी बघायचं असतं. त्यात छोट्या विमानाचं पेट्रोल डिझेलपेक्षा हलकं. दोनशे लिटरचे किलो फक्त एकशे चव्वेचाळीस. मी आठवी नापास बाई, पण तिचं घोकणं ऐकून ऐकून मलाही पाठ झालं. पोरीने कपाटावर मोठ्या अक्षरात लिहून चिकटवलेलं.

निकाल आला. एका मार्काने गेला.

प्रितीने मला हाताला धरून मोरीपाशी नेलं. रडत नव्हती, तेच मला बघवेना. म्हणाली, "मम्मी, वजनाचा सोपा प्रश्न होता गं. दोनशे लिटर. पेट्रोल हलकं आहे ते समोर छापलेलं. वेळ संपत आलेली, आणि मी एकशे सहासष्टवर क्लिक केलं. बाहेर जिन्यात आल्यावर कळलं." मग माझा दंड घट्ट धरून म्हणाली, "पप्पांना नको सांगूस. तुला माझी शपथ."

तेवढ्यात हे बाजारातून आले. निकाल ऐकला आणि पिशवी आपटली.

"सहा महिने नुसता मोबाइल! आता ट्रस्टवाल्यांना काय तोंड दाखवू मी? एक मार्क? अगं, वजनाचे मार्क तर तुझ्या हातचे होते. लहानपणापासून घोटून घेतलंय मी!"

पोर खाली मान घालून ऐकत होती. माझं डोकं फिरलं. मी ओरडले, "तुमच्या त्या घोटण्यानेच घात केला! विमानाच्या पेट्रोलला तुमच्या डिझेलचा आकडा लावून आली ती!"

प्रिती "मम्मी!" म्हणून किंचाळली. हे खाली बसले. दोनशे लिटरचे किती लिहिलेस, एवढं एकदा विचारलं, आणि तिने सांगितल्यावर दोन्ही हातांनी तोंड झाकून घेतलं.

दोन दिवसांनी ट्रस्टचा फोन आला, जागा त्या मुलाला गेली. प्रिती आता हिंदमाताला साड्यांच्या दुकानात बिलं करते. पप्पांवर तिचा राग नाही, माझ्यावर आहे. शपथ मोडली म्हणून माझ्याशी कामापुरतं बोलते. आणि हे, जे पोरीला तोंडातला घास गिळू द्यायचे नाहीत, ते आता तिला साधं "जेवलीस का" विचारायचं असलं तरी आधी माझ्याकडे बघतात, विचारू का म्हणून.