दुसऱ्याच्या हातचं काडतूस

त्यांचं आडनाव डावरे नव्हतं, सोहोनी होतं. पण सिंगापूरमधल्या आमच्या मराठी मंडळींत सगळे त्यांना डावरेकाका म्हणत, आणि नवीन आलेले लोक तेच आडनाव समजून चालत. काका कुणाची चूक दुरुस्त करत नसत. ते जेवत उजव्या हाताने, लिहीत उजव्या हाताने. बंदूक मात्र डाव्या खांद्याला लावत. उजवा डोळा काचेचा होता. साठी उलटलेली, तरी आमच्या शूटिंग क्लबातले निम्मे तरुण त्यांच्या मागे पडत.

ऑफिसच्या ताणावर उतारा म्हणून मी त्या क्लबात गेले. पहिल्या दिवशी काकांनी मला बंदुकीला हातच लावू दिला नाही. संरक्षक चष्मा नीट घालायला शिकवला, तो घसरत होता म्हणून स्वतः उठून दुसरा आणला. "नेम हळूहळू जमेल गं," म्हणाले, "डोळे आधी सांभाळ."

इथे काडतुसं क्लबातूनच घ्यायची आणि उरलेली तिथेच परत द्यायची. गोळी उडाल्यावर उरलेली रिकामी पुंगळीसुद्धा घरी नेता येत नाही. पण मंडळी सुट्टीत ऑस्ट्रेलिया-अमेरिकेला जात, तिथे ओळखीतलं कुणी हौसेने बंदूक हातात देई. असं कुणी निघालं की काका त्याला तोआ पायोह भागातल्या हॉकर सेंटरमध्ये, खाण्याच्या गाळ्यांच्या मंडईत, कॉफीला बोलावत. मी ऑस्ट्रेलियाला दिरांकडे निघाले, तेव्हा मलाही बोलावणं आलं. दिरांचे शेजारी शेतकरी होते, नेमबाजीचा नाद असलेले. ते काडतुसं घरीच भरतात, असं मी कौतुकाने सांगितलं. काकांनी कप बाजूला ठेवला आणि डोळ्याची हकिकत सांगितली.

तरुणपणी ते नोकरीसाठी अमेरिकेत होते. विनायक हा त्यांचा तिथला जिवलग मित्र. तो गॅरेजमध्ये बसून वापरलेल्या पुंगळ्यांत दारू मोजून भरायचा, वर गोळी बसवायचा. हात अगदी चोख. एका रविवारी काकांची काडतुसं संपली, म्हणून विनायकने आपली दिली. दोघांच्या रायफली एकाच मापाच्या होत्या. काकांनी चाप ओढला आणि पुंगळी मागच्या बाजूने फाटली. जळता वायू थेट डोळ्यात गेला. त्या दिवशी त्यांनी चष्मा घातला नव्हता.

"म्हणजे त्यांनी दारू जास्त भरली होती?" मी विचारलं.

"त्याच्या रायफलीला बरोबर होती. ती जुनी, आतून जरा सैल झालेली. तिला तेवढी दारू सोसायची. माझी नवी होती, घट्ट; तिच्यात दाब फार वाढला. त्याने स्वतःसाठी भरलेलं मी वापरलं, एवढंच झालं." मग म्हणाले, "डोळा गेला तो एकच. विनायक मात्र अख्खा गेला."

विनायक हॉस्पिटलच्या दारापर्यंत येऊन परत गेला होता. त्याने काडतुसं भरायचं यंत्र विकलं, पुढे पुण्याला परतला. काका फोन करत, तो घेत नसे.

निघताना मी विचारलं, की शेजाऱ्यांना नाही कसं म्हणायचं, त्यांना राग येईल. काका म्हणाले, "तुमची काडतुसं वाईट आहेत असं म्हणू नकोस. मी फक्त कारखान्यातली वापरते, एवढंच सांग. राग आला तर येऊ दे."

राग आलाच. शेजाऱ्यांनी घरची काडतुसं पुढे केली, मी नको म्हटलं, तसा त्यांचा चेहरा उतरला. दिरांनाही ते आवडलं नाही. मला फार अवघडल्यासारखं झालं, पण मी बंदूक हातात घेतली नाही. शेजारी त्या दिवशी त्याच काडतुसांनी खेळले, आणि काहीही झालं नाही. परत आल्यावर मी काकांना तसं सांगितलं. "बरं झालं," ते म्हणाले. त्यांना खरोखरच बरं वाटलं होतं.

पुढे काकांचा डावा डोळाही अधू व्हायला लागला. क्लब सुटला. एकट्याने एमआरटीने, म्हणजे इथल्या मेट्रोने, येणं-जाणं कठीण झालं. एकदा त्यांनी पुण्याला फोन लावला, तेव्हा विनायकरावांच्या पत्नीने उचलला. बोलता बोलता काकांनी तिला डोळ्याचं सांगितलं. त्यानंतर महिनाभरात विनायकराव स्वतः सिंगापूरला आले, काकांना पुण्याला घेऊन जायला.

मी दोघांना सोडायला विमानतळावर गेले होते. विनायकराव सगळं सामान स्वतःच ढकलत होते. बोलत फारसं नव्हते. ते सारखे काकांच्या डाव्या बाजूने चालत होते, तो काचेचा डोळा दिसू नये म्हणून. गर्दीत काका दोनदा उजवीकडे कुणावर तरी आदळले. मग ते थांबले.

"विन्या, इकडून चाल. या बाजूचं मला दिसत नाही."

 विनायकराव ट्रॉली घेऊन समोरून वळसा घालून उजवीकडे आले आणि त्यांनी काकांचा दंड धरला. मला हात करायचं दोघांनाही सुचलं नाही. एकमेकांशी बोलत ते आत गेले.