श्रावणाचा तास

१९५०च्या दशकात मी अंधेरीच्या एका शाळेत नववीला नीतिपाठ शिकवायचे. काय सोडावं, काय धरावं, हे धर्म कसं सांगतो, हा त्या दिवशीचा विषय होता. श्रावण लागला होता, म्हणून मी माझंच उदाहरण दिलं. मासे मला जीव की प्राण, तरी महिनाभर तोंडाला लावत नाही. आवाजात मिजास होती, कबूल करते.

वेसाव्याची एक कोळ्यांची मुलगी उभी राहिली. रोज मासे खाणारी ही काय सांगणार, असं मला वाटलं.

"बाई, आमच्या होड्या नारळी पौर्णिमेपर्यंत किनाऱ्यावरच असतात," ती म्हणाली. "या दिवसांत माशांच्या पोटात अंडी असतात. आजी म्हणते, पोटुशीला मारू नये. तोवर आम्ही सुक्या मासळीवर भागवतो."

मी श्रावण पाळायचे माझ्या पुण्यासाठी. ही माणसं स्वतःच्या पोटाला चिमटा काढून माशांसाठी पाळत होती. "बरोबर आहे तुझं, बस," एवढंच मी म्हणाले.

तिची आई आमच्या दारावर मासळी घेऊन यायची. पावसाळा तोंडावर आला की मी तिला बजावायचे, "गाभोळीवालीच आण गं, अंड्यांशिवाय मजा नाही." टोपली धरायला ही मुलगी सोबत असायची.

वर्गात तिनं त्यातलं अवाक्षर काढलं नाही.