मामांना सूट नको

खरं ते सगळं सांगून मोकळं होण्याचा नाद माझ्या मामेसासऱ्यांना जितका आहे, तितका अख्ख्या नगर जिल्ह्यात दुसऱ्या कुणाला नसेल. आणि असलाच, तर त्याने कृपा करून माझ्याकडे हिशेबाला येऊ नये. मला एकच पुरे आहे. मी नगरला छोट्या धंद्यांचे वार्षिक हिशेब तयार करून देतो आणि मामांचा तिसगावजवळ पशुखाद्याचा कारखाना आहे. बायकोचा सख्खा मामा, त्यामुळे नाही म्हणता येत नाही आणि बिलही लावता येत नाही. सप्टेंबर उजाडला की पहिल्या एसटीने मामा हजर होतात, खुर्ची पुढे ओढतात आणि म्हणतात, "हं जावईबापू, घ्या लिवून." तिथून माझा दिवस गेला म्हणून समजायचं.

वास्तविक हिशेबाचे नियम करणाऱ्यांनी लहान धंद्यांवर दया केलेली आहे. मोठ्या कंपन्यांना पानंच्या पानं खुलासे द्यावे लागतात; लहानांसाठी सोपी पद्धत आहे, त्यांनी त्यातले बरेचसे गाळले तरी चालतं. हे मी मामांना पहिल्याच वर्षी मोठ्या आनंदाने सांगितलं आणि पस्तावलो. "लहान कोन?" मामा ताठ झाले. "पाथर्डीपासून शेवगावपतुर जनावरं आमची पेंड खात्यात. आन सूट दुस्काळात घेत्यात जावईबापू, यंदा पाऊस झालाय." मोठ्यांना जे जे सांगावं लागतं ते ते सगळं आपणही सांगणार, हा हट्ट तेव्हापासूनचा.

कंपन्यांना नातेवाइकांशी झालेले व्यवहार उघड करावे लागतात, असं एकदा माझ्या तोंडून निसटलं. मामांनी लगेच चष्मा लावला. मका चुलतभावाचा, सरकी साडूच्या दुकानातली, वजनकाटा मेव्हण्याचा, टेम्पो भाच्याचा आणि निम्मी गिऱ्हाइकं सोयऱ्यांतली. दुपारच्या चहापर्यंत आम्ही नात्यागोत्यातच फिरत होतो. शेवटी मी हताश होऊन विचारलं, "मामा, नात्यात नाही असा कुणी आहे का?" त्यांनी मनापासून विचार केला. "लाईटीचा वायरमन," ते म्हणाले. मग जरा चाचरत, "पर त्यो बी परवा आमच्या पुतनीला बघून गेलाय. जमलं तर कळवतो." पुढे जमलं, आणि मामांनी फोन करून ते कळवलंही.

पुढेमागे धंद्याच्या अंगावर येऊ शकतील अशा खर्चांचीही तीच कथा. बांधावरून चाललेला दावा त्यांनी सांगितला, ते ठीकच होतं. पण त्यापाठोपाठ स्वतःचा गुडघाही सांगितला. "डॉक्टर म्हनला, आज ना उद्या आपरेशन लागंल. लिवा." गुडघा कारखान्याचा नाही, असं मी समजावून पाहिलं. "मंग जिना चढून मिक्सरमदी पोती कोन वततं?" मी लिहिलं. माणूस दमला की लिहून टाकतो.

त्या जिन्यावर मामांच्या मागे कोण चढणार, हा प्रश्न मात्र घरात कुणी काढत नसे. एकुलता मुलगा हैदराबादला नोकरी करतो. तो येईल, धंदा वाढवेल, या भरवशावर मामांनी कारखान्यामागे नवी शेड बांधून ठेवली होती. यंदा अक्षयतृतीयेला तो आला आणि जेवता जेवता सांगून गेला, की आपण आता तिकडेच घर घेतोय, परत येणार नाही. मला हे बायकोकडून कळलं. मामांनी अवाक्षर काढलं नव्हतं.

या सप्टेंबरात मामा आले, पण काही लिहून घ्या म्हणाले नाहीत. मी केलेले हिशेब नुसते वाचत गेले आणि एका ओळीवर त्यांचं बोट थांबलं. 'धंदा पुढेही चालू राहील असे धरून हे हिशेब केले आहेत.' लहान असो की मोठा, सगळ्यांच्या हिशेबात ही ओळ मी घालतो. इतक्या वर्षांत मामा तिथे कधी अडले नव्हते.

"हे कुनी सांगितलं तुमाला?"

"कुणी नाही, मामा. ठरलेलं वाक्य आहे. पुढच्या वर्षभराचा विचार असतो त्यात."

"वर्साचं मी बघतो. त्येच्या म्होरं?" बोट तिथेच होतं. "पोरगं न्हाई म्हनलंय. हे बी सांगाया लागतं का?"

त्यांच्याशी हुज्जत घालून मी इतकी वर्षं दमत आलो, पण दमलेले मामा मी पहिल्यांदाच पाहत होतो. मला फार वाईट वाटलं. मी म्हणालो, "नाही मामा. लहानांच्या सोप्या पद्धतीत ते सांगावं लागत नाही." खरं म्हणजे असलं काही मोठ्यांनाही सांगावं लागत नाही, पण त्या क्षणी मला दुसरं काही सुचलं नाही.

मामांनी त्या ओळीवरून बोट उचललं.

"बरं हाय मंग," ते म्हणाले. "ऱ्हाऊ द्या. आमी लहानच हाय."

आणि त्यांनी सही केली. मी त्यांना स्टँडवर सोडलं, तिसगावच्या गाडीत खिडकीशी जागा धरून दिली. दुपारचे जेमतेम बारा वाजले होते आणि माझा उरलेला दिवस मोकळा होता. इतक्या वर्षांत मी जो मागत आलो, तोच दिवस. मला तो नको होता. निदान या एका गोष्टीवरून तरी मामांनी माझ्याशी भांडायला हवं होतं.