माझ्या थेंबातला अमीबा

चाकणच्या आमच्या कंपनीत सांडपाण्याच्या टाकीजवळ गेलं, की ओल्या गाळाच्या वासानं मला चिंचवडची कॉलेजातली लॅब आठवते.

थेंब माझा होता. पवनेच्या घाटावरून बाटलीत पाणी मीच भरून आणलं होतं. मायक्रोस्कोपखाली एक पसरट जीव सरकताना दिसला, मी ‘अमीबा’ लिहिलं आणि चहाला गेले. माझी पार्टनर वैशाली बसून राहिली. थेंब सुकायला लागला म्हणून तिनं त्यात डिस्टिल्ड वॉटर सोडलं. मी तासाभरानं परतले तेव्हा सर वाकून बघत होते. त्या पाण्यानं त्याच जिवाला दोन शेपट्या फुटल्या होत्या आणि तो भराभर पोहत होता.

“अमीबासारखे दिसतात म्हणून सगळे एका घरातले नसतात,” सर म्हणाले. “शाबास, वैशाली.”

आता ती परदेशात असल्याच जिवांची नाती लावते. तिचा फोटो दिसला की अजून माझ्या पोटात दुखतं. पाणी तर मी आणलं होतं.

आज कंपनीच्या लॅबमध्ये मायक्रोस्कोपखाली, गाळाच्या थेंबात तसाच एक सरकताना दिसला. मी डिस्टिल्ड वॉटर सोडलं आणि बसून राहिले.

“मॅडम, कंपनीची बस निघाली,” ऑपरेटर सुनील दारातून म्हणाला. “काय दिसतंय एवढं?”

“अजून तरी अमीबा,” मी म्हणाले, आणि डोळा तिथंच ठेवला.