करंट गेल्यावर वाजणारा फोन

बोरगावात कुणाच्या घरात काय शिजतंय हे सकाळच्या चहापर्यंत मला कळलं नाही, तर त्या दिवशी माझं पोट साफ होत नाही. हे आधी बायको सांगत असे. तिच्या माघारी आता सून सांगते. पण ह्या गावात एक बाई अशी आहे की तिनं मला जन्मभर उपाशी ठेवलं. एस्टीडीवाली तानीबाई.

आता एस्टीडी म्हणजे काय हे पोरांना समजावून सांगावं लागतं. बसस्टँडच्या कडेला, भीमनगराच्या तोंडाशी तिचं खोकं होतं. वर पिवळा बोर्ड. आत काचेची एक खोली. तिच्यात माणूस मावायचा, पण त्याची छत्री बाहेर ठेवावी लागायची. आणि लाल आकडे पळवणारं मीटर. नवरा कल्लाप्पा निपाणीच्या तंबाखूच्या वखारीत हमाल होता, तो अचानक गेला. पदरात एक पोर. त्यावेळी विधवा बायकांना सरकार असे फोन देत होतं, म्हणून तिला हा मिळाला.

पहिल्या वर्षी मोठ्या घरची काही माणसं तिच्या हातातला रिसिव्हर धोतराच्या सोग्यानं पुसून कानाला लावत. तानीबाई बघायची. एक दिवस तिनं खिळ्याला धुतलेला टॉवेल अडकवला आणि म्हणाली, "आण्णा, पुसा की बिनघोर. बोलून झाल्यावर आणि एकदा पुसून ठेवा. मागच्या माणसाला तुमच्या तंबाखूचा वास येतोय." त्या आण्णांचं नाव मी घेत नाही, त्यांचा नातू सध्या आमच्या वॉर्डात उभा आहे.

आमची इचलकरंजी सायकलवर अर्ध्या तासाची. सोयरिकी तिथं, मागावरची कामं तिथं, दवाखाना तिथं. पण आम्ही कर्नाटकात, ती हद्दीपलीकडं महाराष्ट्रात, म्हणजे फोनला परमुलूख. तिकडं बोलायचं तर मीटर घोड्यासारखं उधळायचं. म्हणून माणसं घाईनं बोलायची, आणि घाईनं बोलणारा माणूस मोठ्यानंच बोलतो. बाहेरच्या बाकावर बसून मी पुष्कळ ऐकलंय. पण ती एकच बाजू. दुसरी बाजू तानीबाईकडं. कारण निम्म्या गावाचा पीपी नंबर, म्हणजे निरोपासाठी द्यायचा नंबर, तिचाच होता. लग्नपत्रिकेवर तो, नोकरीच्या अर्जावर तो. बाहेरगावचे निरोप सगळे तिच्या कानात पडायचे आणि ज्याचे त्याला पोचायचे. मधे मला वाटा नाही.

"आक्का, चौगुल्याच्या थोरल्याचा फोन आलता म्हणं पुण्यास्नं?"

"आलता."

"काय म्हणाला?"

"बोलला."

"अगं पण काय?"

"तुमचं नाव न्हाय काढलं, आप्पा."

अशी ती. आणि अशा बाईला एक फोन यायचा, ज्याच्यावर आम्ही बाकावरच्या मंडळींनी किती पावसाळे काढले म्हणून सांगू!

निपाणीच्या एक्स्चेंजात मारुतीराव नावाचे ऑपरेटर होते. मूळचे खानापूरकडचे, शेतकरी घरातले. सरकारी नोकरी लागली आणि निपाणीकर झाले. त्या काळी वारा सुटला की करंटची तार आणि फोनची तार जोडीनं तुटायची. म्हणून करंट गेला रे गेला की मारुतीराव एकेका गावाला फोन लावून बघायचे. आमच्याकडं पहिला फोन तानीबाईला. दिवे गेले, की मिनिटाभरात अंधारात घंटी.

"बोरगाव?"

"बोरगाव."

"लाईन?"

"चालू हाय, साहेब."

"बरं." खाली ठेवला. एवढंच.

आता तुम्ही म्हणाल, ह्यात काय आहे? मीही पहिली दोन वर्षं तेच म्हणालो. पण पुढं पुढं त्या 'बरं'नंतर फोन लगेच खाली जाईना. तानीबाई 'हं' म्हणायची. कधी 'व्हय' म्हणायची. एकदा तर हसली! तानीबाई! गावात बातमी फुटली. ती मी फोडली नाही, मी फक्त तिला फोडणी दिली. पण खरं सांगायचं तर त्या दोघांनी एकमेकांना धड पाहिलंही नव्हतं. ती बिल भरायला कचेरीत गेली की हे आत, पाठमोरे, कानाला टोपण लावलेले.

मग मोबाईल आले. काचेची खोली भंगारात गेली. तानीबाईनं आधी रिचार्ज विकला, मग कव्हरं आणि काचा, आणि आता ती फुकटचा सल्ला विकते. नवा फोन घ्यायचा तर माणसं आधी तिला विचारतात. "मेमरी बघ, क्यामेरा काय चाटायचा हाय? भरला की कोंबडीसारखा बसतोय त्यो." कुणाला बँकेच्या नावानं फोन आला तर, "घाई करतोय न्हवं? मग ठेवून टाक. खऱ्या माणसाला थांबाय जमतंय." एवढं सगळं झालं, पण टेबलावरचा तो जुना तारेचा फोन काही तिनं हलवला नाही. मी कितीदा टोचलं. "आक्का, ह्या म्हातारीला आता कोण विचारतंय?" ती फडक्यानं त्याची धूळ पुसायची, मला पुसायची नाही.

त्याचं खरं कारण मला कळलं ते नीलममुळं. नीलम म्हणजे मारुतीरावांची सून, निपाणीत शाळेत शिकवते. एक दिवस ती दुकानात आली आणि मी बाकावर आहे हे न बघता, किंवा बघूनही, सगळं सांगून गेली.

मारुतीरावांचं डोकं आता जागेवर राहत नव्हतं. मुलाला ते भाऊ समजत, नीलमला कधी 'मॅडम' म्हणत. पण करंट गेला की (तिकडचा गेला की आमचाही जातो, लाईन एकच) उठून बसत आणि फोनवर बरोब्बर बोरगावचा नंबर दाबत. इकडनं 'लाईन चालू हाय' ऐकलं की पुन्हा आडवे. एकदा रस्त्याच्या कामात कुणीतरी आमची केबल तोडली. घंटी वाजेना. तेव्हा ते उठले, चप्पल घातली आणि लाईन कुठं तुटली ते बघायला घराबाहेर पडले. बोरगावच्या रस्त्याला भर ट्रकांच्या गर्दीत मान वर करून खांब मोजत चाललेले सापडले.

"मावशी, तुमचा फोन वाजला न्हाय तर ते घरात थांबत न्हाईत बघा," नीलम म्हणाली.

मला राहवलं नाही. "मग त्यास्नी हिचा मोबाईल नंबर द्या की, पोरी."

"दिला, आप्पा. मोठ्या बटणांचा फोन बी घेतला. त्याच्यावर बी जुनाच नंबर दाबत्यात आणि लागला न्हाय की फेकत्यात."

झालं. त्यानंतर मी त्या फोनवरनं तिला चिडवायचं सोडलं.

आणि अशात फोनच्या कचेरीतनं निरोप आला: बोरगावची तांब्याची तार आता बंद. ज्यांना पाहिजे त्यांनी फायबर घ्यावं, नको त्यांनी फोन जमा करावा. गावात उरलेली बहुतेक मंडळी जमा करून मोकळी झाली. तानीबाईचं तोंड मात्र उतरलं. जोडणीवाल्याला तिनं तीनतीनदा एकच विचारलं, "नंबर त्योच ऱ्हाईल न्हवं?"

"त्योच ऱ्हातोय, मावशी. फोन बी त्योच. फकस्त तार बदलली."

भिंतीवर पांढरा डबा बसला, त्याच्यावर हिरवे दिवे लुकलुकले, जुना फोन त्या डब्याला जोडला. मी माझ्या मोबाईलवरनं लावून बघितला. वाजला! तानीबाईनं त्या दिवशी मला चहा पाजला, ही एक ऐतिहासिक घटना.

चारच दिवसांनी दुपारी करंट गेला. पंखा थांबला. आम्ही दोघं फोनकडं बघत बसलो. वाजेना. तानीबाईनं रिसिव्हर उचलून कानाला लावला आणि तिचा हात तसाच राहिला.

"काय गं?"

"मुका हाय." तिनं डब्याकडं बघितलं. एकही दिवा नव्हता. "आप्पा, हे करंटवर चालतंय!"

तिनं मोबाईलवरनं नीलमला शाळेत फोन लावला. नीलम वर्ग सोडून पळाली. घर उघडं, सासरे नाहीत. पेट्रोल पंपाजवळ सापडले. ह्या वेळी पायात चप्पल नव्हती आणि तळवे भाजले होते. नीलमचा फोन येईस्तोवर तानीबाई दुकानाच्या उंबऱ्यात उभी होती. मी चेष्टेचं एक अक्षर काढलं नाही. काढलं असतं तर तिनं मला मीटरसकट भंगारात घातलं असतं.

संध्याकाळी तिनं लेकीला, पारमिताला, फोन लावला. ती बेळगावात कॉम्प्युटरच्या कंपनीत आहे, घर पिरनवाडीकडं. फोन स्पीकरवर होता, म्हणजे मला आमंत्रणच.

"आई, तांब्याच्या तारेत फोनपुरता करंट एक्स्चेंजातनंच यायचा. तिथं बॅटऱ्या असायच्या. म्हणून गावात अंधार असला तरी तुझा फोन जिवंत. काचेच्या तारेतनं नुसता उजेड येतोय, करंट न्हाय. त्यो डबा तुझ्या भिंतीवरच्या करंटवर चालतोय."

"मग आधी का न्हाय सांगितलं त्या मेल्यानं?"

"इचारलंस काय?"

"नंबराचं इचारलं."

"मग त्यानं नंबराचं सांगितलं! ऐक आता. राऊटरसाठी बारकी बॅटरी मिळती, मिनी यूपीएस म्हणत्यात. डबा आणि प्लगच्या मधे जोडायची. करंट गेला की तीच डबा चालवती, दोन-तीन तास सहज. पण घेताना डब्याच्या बुडाला बघ, बारीक अक्षरात व्होल्ट लिहिलेला असतोय. बारा तर बाराचीच घे, नऊ तर नऊचीच. नगाला नग लावलास तर डबा जळंल. आणि दुकानात मोबाईलची पॉवर बँक गळ्यात मारतील, ती घेऊ नको."

मी मधेच म्हणालो, "पारू, मोठा इन्व्हर्टर बसवला तर?"

"कोण, आप्पा? तुमी अजून थितंच?"

बॅटरी आली. तळहाताएवढी पेटी. तानीबाईनं मेन स्विच पाडून दहा वेळा खात्री केली. पुढच्या खेपेला करंट गेला तेव्हा फोन वाजला, ती म्हणाली, "चालू हाय, साहेब," आणि रिसिव्हर ठेवल्यावर बराच वेळ टेबल पुसत राहिली. टेबल स्वच्छच होतं. त्यानंतर गावात ज्याच्या ज्याच्या घरी पांढरा डबा, त्याला त्याला तिनं पेटी घ्यायला लावली. आमच्या सूनबाईनंही घेतली, मालिका बघायला.

मग निपाणीची पाळी. मारुतीरावांच्या गल्लीतली तांब्याची तार निघाली, डबा बसला. म्हणजे आता तिकडंही पेटी पाहिजे, नाहीतर करंट गेल्यावर त्यांच्याच हातातला फोन मुका. तानीबाईनं दुसरी पेटी आणली. मंगळवारी दुपारी दुरुस्तीसाठी मेन लाईन बंद राहणार, निपाणी ते बोरगाव करंट नाही, असं वीजवाल्यांनी कळवलं होतं. तोच दिवस तिनं धरला, नीलमलाही रजा काढायला लावली. सकाळी इरकली नेसून, पिशवीत पेटी घालून दुकानात आली.

"आप्पा, आज दुकानात बसाल काय?"

"बसतो की. कुठं दौरा?"

"निपाणीला. पेटी जोडाय."

"नीलम शिकलेली पोरगी हाय. तिला फोनवर सांगितलं असतंस तर तिनं जोडली असती की पेटी."

"जोडली असती," तानीबाई म्हणाली आणि पिशवी काखेत मारली. "करंट गेला की फोन वाजंल. उचलायचा. 'बोरगाव, लाईन चालू हाय' म्हणायचं आणि ठेवायचा. दुसरं कायबी बोलायचं न्हाय. जमंल?"

"न जमायला काय झालं?"

"तुमास्नी म्हणून इचारलं."

ती बसमध्ये चढली. तिच्या इरकलीची बातमी बस सुटायच्या आत चावडीपर्यंत पोचली होती. मी जागा सोडली नव्हती, तरी पोचली. बाकावर येऊन एकेक जण विचारू लागला. मी म्हणालो, पेटी जोडायला गेली आहे. "पेटी! व्हय व्हय!" असं म्हणून हसत गेले. जाऊ देत. मला त्या दिवशी वेगळीच काळजी. समजा जोडताना काही चुकलं, समजा घंटी वाजलीच नाही, तर ते म्हातारं तिच्या डोळ्यांदेखत उठून रस्त्याला लागणार. तिचं ऐकेल? तिला ते ओळखतही नाही.

दुपारी पंखा थांबला. डब्यावरचे दिवे हिरवेच. मी रिसिव्हरवर हात ठेवून बसलो. रस्त्यावर शांत. फोन गप्प. म्हटलं, गेलं सगळं.

आणि वाजला.

"बोरगाव?" आवाज घोगरा, पण कसा ताठ!

"बोरगाव. लाईन चालू हाय."

आता ठेवायचा होता. पण तिकडनं 'बरं' आलंच नाही. "बाई न्हाईत?"

बोलू नको म्हणून सांगितलेलं. पण उत्तर न देता ठेवला, तर हा उठणार. "न्हाईत, साहेब. निपाणीला गेल्यात."

"परत येत्यात न्हवं?"

"येत्यात की. सांजच्या बसनं."

"हं. आमच्याकडं बी एक बाई आल्यात, डबा जोडाय. आवाज बोरगावच्या बाईंसारखाच हाय, बघा."

"मग त्यास्नी बसा म्हणा, साहेब. च्या द्या."

"देतो."

फोन नीट ठेवायचा विसरले असणार. रिसिव्हर टेबलावर आपटल्याचा आवाज आला आणि मला सगळी खोली ऐकू यायला लागली. "मॅडम, च्या ठेवा," ते नीलमला म्हणाले. खुर्ची सरकली.

"बसा, बाई. हे काय लावलंय तुमी?"

"बॅटरी हाय, साहेब. ह्यो हिरवा दिवा हाय तवर लाईन चालू. तुमी उठून बघाय जायचं न्हाय."

"तार कसली हाय ह्याला?"

"काचेची."

"काचेची? वाऱ्यानं तुटंल की."

"तुटली तर मी कळवीन. तुमी घरातच थांबायचं."

"तुमी कळवणार?"

"व्हय. मीच कळवीत आलीया की इतकी वर्षं."

मी रिसिव्हर कानात घुसेल इतका दाबला. मग मारुतीराव हळू आवाजात काहीतरी विचारू लागले, आणि नेमका त्याच वेळी करंट आला. डोक्यावरचा पंखा खडखडत सुरू झाला आणि त्याच्यापुढं मला काही म्हणजे काही ऐकू आलं नाही.